साठ बाय तीसचा हॉल नको, चाळीस बाय चोवीसचा करा आणि दोन पडव्या काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते सातवी, १४० मुलं. आमदार निधी आणि गावची वर्गणी मिळून चाळीसेक लाख जमतील अशी एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या विकास समितीला, आशा आहे. कंत्राटदारानं नकाशा दिलाय तो असा: ६० बाय ३० फुटांचा एकच हॉल, वर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) आणि पत्रा, एका टोकाला पक्कं स्टेज, पत्र्यावर सोलर. अध्यक्ष विचारतात, "प्रार्थना, जेवण, वर्ग, स्नेहसंमेलन, ग्रामसभा, सगळ्याला चालेल आणि पर्यावरणपूरकही होईल अशी इमारत हवी. ह्यात काय बदलू?"

अध्यक्षसाहेब, खरं सांगायचं तर ह्यातलं सोलर सोडून सगळंच बदला. तेही शेवटी, पैसे उरले तर बसवा. का ते सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. आपल्याकडच्या शाळा १० एप्रिलच्या सुमारास सुटतात आणि मे संपताना पुन्हा भरतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला दीड महिना ही इमारत रिकामी असते. शाळा भरते तोवर मृग तोंडावर आलेलं असतं आणि पुढचे चार महिने पाऊस. तरीही 'हरित इमारत' म्हटलं की जो तो उष्णतेबद्दल बोलतो, कारण पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. अथणी-रायबागकडच्या शाळेला ते लागू आहे. तिथं पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर आणि मार्चमध्येच जीव नकोसा होतो. बेळगाव शहरात तोच पाऊस बाराशेच्या आसपास जातो, आणि तुमच्या रस्त्यानं पुढं कणकुंबीला गेलात की तीन हजारांच्या वर. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना एकच टाइप-प्लॅन दोन्हीकडे बांधला जातो ह्याचं मला सत्तावीस वर्षं नवल वाटत आलंय. तुमच्या मुलांना त्रास होणार आहे तो ओलीचा, अंधाराचा आणि आवाजाचा. उकाड्याचा नंबर त्यानंतर.

आवाजाचं आधी, कारण तो नकाशात दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात असाच साठ बाय तीसचा नवा हॉल दाखवायला मला नेलं होतं. गुळगुळीत टाइल, गिलावा केलेल्या भिंती, वर पत्रा. मी मधे उभा राहून एक टाळी वाजवली. मनात चार मोजेपर्यंत ती घुमत होती. वर्गासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेला आकडा आहे ०.६ सेकंद. एका कोपऱ्यात दुसरीच्या बाई पाढे घेत होत्या, दुसऱ्या कोपऱ्यात पाचवीचा भूगोल. दोन्ही आवाज छताला जाऊन मिसळून खाली येत होते, आणि मुलं बाईंच्या ओठांकडे बघून पाढा म्हणत होती. तेवढ्यात सर आली. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तशा बाईंनी खडू खाली ठेवला आणि हाताची घडी घालून बसायला सांगितलं. त्यांची ती सवय झालेली होती. जांबोटीकडे अशा सरी दिवसातून किती येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मग त्या हॉलमध्ये वर्ग भरणार कधी?

म्हणून उघडा पत्रा नको. मग स्लॅब? आडवा स्लॅब तर त्याहून नको. खानापूर भागात फिरताना बघा, आडव्या स्लॅबची जितकी घरं दिसतील त्यातल्या बऱ्याच घरांवर पाच-सात वर्षांनी वर पत्र्याचं छप्पर चढलेलं दिसेल. म्हणजे एका पावसासाठी दोन छपरांचा खर्च. राहिली कौलं. मुंबई इलाख्याच्या काळातल्या लोकल बोर्डाच्या शाळा आठवा. १९५६ साली आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्याच्याही आधीच्या ह्या इमारती. जाड भिंती, मंगळुरी कौलं, पुढं लांब पडवी. त्यातल्या ज्यांची कौलं वेळच्या वेळी परतली गेली त्या अजून उभ्या आहेत, आणि ज्यांच्यावर कुणी चढलंच नाही त्या वाशांसकट बसल्या. मला टिकाऊपणाचा अर्थ त्यातून कळला: गावातला गवंडी, गावातलं सामान आणि एसडीएमसीच्या हातातला तुटपुंजा पैसा, एवढ्यात जे दुरुस्त होतं ते टिकतं. पुढं मी जे जे सुचवणार आहे ते ह्याच चाळणीतून काढलेलं आहे.

तर छप्पर असं करा. लोखंडी चौकोनी पाइपच्या कैच्या, ३० अंशांच्या आसपास उतार, वर मंगळुरी कौल आणि त्याच्याखाली सीलिंगचं सपाट कौल, असे दोन थर. मधल्या हवेमुळं ऊन अडतं, पावसाचा आवाज मरतो आणि कौलांच्या सांध्यांत आतला आवाजही थोडाफार शोषला जातो. चौरस मीटरला साधारण पंधरा मंगळुरी कौलं लागतात. हिशोबाला निघेल त्यापेक्षा तीनशे जास्त घ्या आणि ती शाळेतच रचून ठेवा, कारण पुढं त्याच मापाचं, त्याच साच्याचं कौल मिळेलच असं नाही. जुनी घरं पाडताना चांगली कौलं निघतात. ठोकून बघून घ्या, खणखणीत वाजलं तर नव्यापेक्षा उजवं.

एकच अडचण आहे आणि ती खरी आहे: माकडं. गावात माकडांचा उपद्रव फार असेल तर उघड्या कौलांचा हट्ट धरू नका. तिथं उतरता स्लॅब घाला, तोही फिलर स्लॅब. म्हणजे स्लॅबच्या खालच्या भागात, जिथं काँक्रीटचं काही काम नसतं, तिथं सळयांच्या चौकटीत जुनी कौलं भरायची. लॉरी बेकर ह्यांनी केरळात ही पद्धत रुजवली. काँक्रीट वीसेक टक्के वाचतं. वरून मग कौलं मसाल्यात बसवायची, म्हणजे माकड नाचलं तरी गळणार नाही. सिमेंट वापरलं म्हणून इमारत हिरवी राहत नाही असं मी मानत नाही. दर दहा वर्षांनी पाडून पुन्हा बांधावी लागली तर मात्र राहत नाही.

आता माप. ६० बाय ३० हा आकडा कुठून आला हे कंत्राटदाराला विचारा. बहुतेक दुसऱ्या गावातून आला असेल. तुमची गरज बघू. १४० मुलं प्रार्थनेला उभी राहिली तर एका मुलाला चार चौरस फूट, म्हणजे ५६० झाले. मांडी घालून जेवायला बसली तर वाढणाऱ्याच्या वाटेसकट सहा चौरस फूट, म्हणजे ८४०. त्यामुळं ४० बाय २४, म्हणजे ९६० चौरस फुटांचा हॉल पुरतो. उरलेल्या जागेत हॉलच्या दोन्ही लांब बाजूंना आठ-आठ फुटांच्या पडव्या काढा आणि पश्चिमेच्या टोकाला आठ बाय चोवीसची एक खोली. बेरीज १७९२, तुमच्या १८०० च्या आतच.

पडवी आठ फुटांचीच का? समोरासमोर दोन पंगती बसल्या आणि मधून बादली घेऊन वाढणारी बाई गेली तर आठ फूट लागतात. सहा फुटांच्या पडवीत कुणाच्या तरी ताटात पाय पडतो, हे मी स्वतः काढलेल्या सहा फुटी पडवीत बघितलंय. चाळीस फुटांच्या चार पंगतींत ऐंशी-नव्वद मुलं बसतात, उरलेली हॉलमध्ये. पाऊस लागला की खेळाचा तासही पडवीतच होतो.

रुंदी २४ ठेवण्यामागं उजेडाचा हिशोब आहे. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुपटी-अडीचपटीपर्यंतच कामाचा उजेड आत पोचतो. माथा आठ फुटांवर असला तर सोळा ते वीस फूट. दोन्ही बाजूंनी खिडक्या असल्या की चोवीस फूट रुंदी आरामात उजळते. पण आपण पुढं पडवी काढणार, म्हणजे उजेड खाल्ला जाणार. त्यासाठी पडवीचं छप्पर हॉलच्या छपराला जोडून खाली आणू नका. हॉलची भिंत तेरा-चौदा फुटांपर्यंत न्या, पडवीचं छप्पर दीड-दोन फूट खालून सुरू करा आणि मधल्या पट्टीत सलग झरोके ठेवा. जुलैच्या दुपारी तीन वाजता वीज गेलेली असताना फळ्यावरचं अक्षर दिसेल ते ह्या पट्टीमुळं. रुंदी तीस केली तर कैच्या जड होतात, लोखंडाचा खर्च वाढतो आणि मधला पट्टा तरीही काळोखाच राहतो.

दिशा बघा. लांब बाजू पूर्व-पश्चिम धावू द्या, म्हणजे पडव्या उत्तर-दक्षिणेला येतील. आपण साधारण १६ अक्षांशावर आहोत. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो, पण तेव्हा एक तर सुट्टी असते नाहीतर ढग. डिसेंबरात तो दक्षिणेला ५० अंशांवर येतो, आणि थंडीच्या सकाळी बसकरावर बसलेल्या पोरांना दक्षिणेच्या पडवीतलं ते ऊन हवंच असतं.

पश्चिमेची भिंत मात्र आंधळी ठेवा. एक खिडकीसुद्धा नको. हे मी शहाणपणानं नाही, चूक करून शिकलोय. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका शाळेच्या हॉलला मी पश्चिमेला मोठी देखणी खिडकी दिली, डोंगर दिसावा म्हणून. पहिल्याच पावसात झड अशी आली की समोरच्या भिंतीवरचा फळा ओला झाला. हेडमास्तर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा खिडकीवर बाहेरून पत्रा ठोकलेला होता. गावातले लोक मेअखेरीस पश्चिमेची बाजू पत्र्यानं नाहीतर झापांनी बंद करतात हे लहानपणापासून बघत आलेला माणूस मी, आणि नकाशा काढताना विसरलो. म्हणून ती आठ फुटी खोली पश्चिमेला सांगितली. पावसाचा मारा तिनं खायचा, हॉल कोरडा राहायचा. तिची पश्चिम भिंत जाड घ्या आणि बाहेरून पत्र्याचं कवच दिलंत तरी हरकत नाही. दिसायला बरं नसेल, चालेल.

ती खोली अडगळीची. हसू नका. बहुउद्देशीय हॉल निकामी होतो तो अडगळीमुळं. मोडके बाक, गंजलेली कपाटं, निवडणुकीचे फलक, जुने संगणक, मागच्या संमेलनाचा प्लायवूडचा किल्ला हे सगळं आधी एका कोपऱ्यात येतं, मग अर्धा हॉल व्यापतं, आणि दोन वर्षांत 'हॉल' नावाचं गोदाम होतं. बाहेरून वेगळं दार, आतून रुंद दार, जमिनीपासून फूटभर वर फळ्या. तांदळाची पोती मात्र तिथं ठेवू नका, ओल लागेल. ती स्वयंपाकघराशेजारी.

भिंतींना जांभा. खानापूर तालुक्यात राहून विटांच्या गाड्या लांबून मागवायचं काही कारण नाही. पण चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, बघून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे त्याची ताकद चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन हवी आणि पाणी १२ टक्क्यांपेक्षा जास्त पिता कामा नये. घरगुती परीक्षा अशी: चिरा वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. वीस किलोचा चिरा बावीस किलो चारशे ग्रॅमच्या वर गेला तर परत पाठवा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो. म्हणून दिवाळीनंतर आणून रचा आणि महिना-दोन महिन्यांनी लावा. बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. तो ओल आत कोंडतो आणि चार वर्षांत पापुद्रे सुटतात. चुना घातलेल्या मसाल्यानं दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरा, बस्स. चिरा मिळाला नाही तर जागेवरच्या तांबड्या मातीत पाच-आठ टक्के सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा पाडता येतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या 'अस्त्र' ह्या केंद्रानं ह्यावर खूप काम केलंय. पण त्या विटांना मशीन, माती चाळणं, एकवीस दिवस पाणी मारणं हे सगळं शिस्तीनं लागतं. लक्ष द्यायला माणूस नसेल तर त्या फंदात पडू नका.

चाळीस फूट लांब, तेरा फूट उंच भिंत नुसती उभी करू नका. दर दहा फुटांवर खांब काढा, कैच्याही त्यावरच बसवा. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि सगळ्यात वर असे तीन सळईचे काँक्रीट पट्टे इमारतीभोवती सलग फिरवा. २०१६ च्या भूकंप संहितेत बेळगाव तिसऱ्या झोनमध्ये आहे. १९६७ साली कोयनेला काय झालं ते जुन्या माणसांना विचारा. ह्या पट्ट्यांचा खर्च फार नाही, पण अंदाजपत्रक कापायची वेळ आली की नेमके हेच आधी कापतात. तेवढं होऊ देऊ नका.

आता पाया. तुमच्याकडे तांबडी जमीन, मुरूम लवकर लागेल, काळजी नाही. हेच उत्तर वडगाव-येळ्ळूरच्या काळ्या शिवारातलं कुणी वाचत असेल तर त्यानं आधी खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघावं. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि भिंतीला तिरकी भेग पडली की मग कुठलंच रसायन उपयोगाचं नाही. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा काठच्या गावांनी ऑगस्ट २०१९ च्या पुराची खूण शोधावी आणि जोतं तिच्यावर घ्यावं. पुरात गाव शाळेतच येऊन राहतं.

तुमचं जोतं दीड फूट पुरे. आणि इथं स्टेजचा प्रश्न सुटतो. पक्कं स्टेज हॉलचा पाचवा हिस्सा खाऊन बसतं, आणि ते लागतं वर्षातून किती दिवस? पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, प्रतिभा कारंजी (मुलांच्या कलागुणांची स्पर्धा), संमेलन. त्याऐवजी मैदानाकडची पडवीच दीड फूट उंचीचं स्टेज समजा. प्रेक्षक मैदानावर, कलाकार पडवीत, मागं हॉल म्हणजे कपडे बदलायची खोली. सगळं गाव मावतं, आणि संमेलन डिसेंबर-जानेवारीत असल्यानं पावसाचा प्रश्न नाही. पडवीचे मैदानाकडचे मधले दोन खांब एकमेकांपासून जरा लांब घ्यायला सांगा, म्हणजे पंधरा-सोळा फुटांचं तोंड मोकळं मिळेल.

सरकत्या पार्टिशनचा मोह होईल. नको. रुळात खडे जातात, चाकं मोडतात, आवाज तर अडतच नाही. दोन वर्ग एका वेळी घ्यायचे तर एक हॉलमध्ये, एक पडवीत. पहिली ते तिसरीची मुलं नली-कलीला, म्हणजे खेळत शिकायच्या तासाला, गटागटानं जमिनीवर बसतात. त्यांच्यासाठी हॉलच्या आतून भिंतीला दोन-अडीच फूट उंचीपर्यंत सलग काळी पट्टी फिरवा, प्रत्येकाला खडूनं लिहायला स्वतःचा फळा. वर दोऱ्या ताणायला हूक बसवा. घुमणं कमी करायला मागच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, लाकडी चौकटीत काथ्याच्या चटया नाहीतर गोणपाट दोन इंचांची पोकळी ठेवून लावा. खर्च किरकोळ आहे, शिंपी आणि सुतार गावातच आहेत. स्वयंपाकघरापासून मात्र हा काथ्या-गोणपाट लांब ठेवा.

स्वयंपाकघर म्हटलं म्हणून थांबतो. अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, स्वयंपाकघर ह्या छपराखाली घेऊ नका, सुटंच ठेवा. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातली आग छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. गॅसच्या टाक्या बाहेर, जाळीच्या कपाटात. हॉलला समोरासमोर दोन दारं, प्रत्येक किमान चार फूट रुंद आणि बाहेर उघडणारी. 'आत उघडलेलं बरं दिसतं' असं सुतार म्हणेल, ऐकू नका. दारांना बाहेरून कड्या नकोत.

फरशी शहाबादी, न घासलेली. चकचकीत टाइलवर ओल्या पायांनी पोरं घसरतात. पडवीच्या दिशेनं शंभराला एक असा उतार द्या, म्हणजे जेवणानंतर धुतलेलं पाणी आपणहून बाहेर जाईल. बाहेर हात-ताटं धुवायला आठ-दहा नळांची रांग, पहिलीच्या पोराचा हात पोचेल अशी दोन फुटांवर, आणि ते पाणी केळी-अळूला. रॅम्प बाराला एक. दीड फूट जोत्याला अठरा फूट लांब येतो. 'जागा नाही' म्हणून सहा फुटांचा केला तर व्हीलचेअर काय, म्हाताऱ्या मतदारालाही चढवत नाही. मतदान केंद्र तुमच्याच शाळेत असणार. मुलामुलींची स्वच्छतागृहं शिक्षण हक्क कायद्यानं आहेतच, वाऱ्याखाली म्हणजे पूर्वेला ठेवा.

पाण्याचं. दोन्ही उतारांना पन्हाळी लावू नका. झाडांचा पाला पडतो, पन्हाळ तुंबते, पाणी भिंतीत जातं. दक्षिणेच्या उताराच्या पागोळ्या सरळ खाली पडू द्या, खाली दगडगोट्यांचा चर करा. फक्त उत्तरेच्या उताराला पन्हाळ. साधारण १०० चौरस मीटर छप्पर आणि पाऊस नुसता १५०० मिलिमीटर धरला, पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी १ लाख २० हजार लिटर पाणी येतं. एवढं साठवायची गरज नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला मुलामागं तीन लिटर म्हणजे दिवसाला ४२० लिटर. २० हजार लिटरची टाकी भरून ठेवली तर ४७ शाळेचे दिवस जातात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये विहीर तळाला जाते तेव्हाची सोय होते. बाकीचं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायला २०० लिटरचा एक पिंप जोडा. टाकीला कुलपाचं झाकण आणि डास जाणार नाही अशी जाळी, दोन्ही हवीतच. झाकण नसलेली शाळेची टाकी मी बघितलीय, त्यात चेंडू, चपला आणि एक मेलेला बेडूक होता.

एक बारीक गोष्ट. खिडकीच्या छज्जाला खालच्या कडेनं बोटभर रुंद खाच ठेवायला मेस्त्रीला सांगा. सेंट्रिंग करताना एक अर्धा इंची सळई ठेवली की खाच आपोआप पडते. ती नसली की पाणी छज्जाच्या खालून सरपटत भिंतीपर्यंत येतं आणि तिथं हिरवा डाग धरतो. पैसे शून्य, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

आता सोलर. दहा दिवे, सहा पंखे, माइक, टीव्ही मिळून तुमचा भार एक किलोवॉटच्याही आत आहे. दोन किलोवॉटचे पॅनेल पुष्कळ झाले, तेही हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडून नेट मीटरवर. म्हणजे एप्रिल-मेमध्ये शाळा बंद असताना जी वीज भरपूर होते ती वाया जात नाही. बॅटरीचा मोठा संच घेऊ नका. चार-पाच वर्षांनी ती मरते, आणि तेव्हा पैसे देणारा आमदार, मागणारा अध्यक्ष, दोघंही बदललेले असतात. कैच्या करतानाच पॅनेलचं वजन धरायला सांगा, पॅनेल मागाहून बसवता येतील. पैसा कमी पडला तर आधी सोलर सोडा, मग फरशी साधी करा. पडव्या आणि काँक्रीटचे पट्टे सोडू नका.

आवारात कन्नड शाळाही असेल तर (आपल्याकडे बऱ्याच गावांत दोन्ही शाळा एकाच कंपाउंडात असतात) हॉल मधोमध घ्या, एक दार इकडं, एक तिकडं, आणि वेळापत्रक दोन्ही हेडमास्तरांनी मिळून भिंतीवर लावावं. पावसात कवायत दोघांनाही अडते. लग्नाला हॉल द्यायचा की नाही हा वाद गावात होणारच. लग्नसराई नेमकी सुट्टीत येते, त्यामुळं मोह मोठा. खात्याची परवानगी लागेल, ती लेखी घ्या. माझं मत विचाराल तर बारसं, बचत गटाची बैठक, ग्रामसभा इथवर ठीक. हजार पानांचं जेवण नको, चुलीचा धूर आणि तेलाचे डाग काथ्याच्या चटईतून निघत नाहीत.

वेळेचं गणित चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. निधी बहुधा मार्चअखेरीस मोकळा होतो, मग एप्रिलमध्ये घाईघाईनं पाया खणतात, क्युरिंगला पाणी नाही, आणि मेच्या वळवात अर्धवट भिंती भिजतात. उशीर झाला तर ह्या उन्हाळ्यात फक्त जोत्यापर्यंत काम करून थांबा. भिंती दिवाळीनंतर, छप्पर मार्चपर्यंत. पंचायत राज खात्याच्या इंजिनिअरांना जांभा आणि सीलिंगचं कौल अंदाजपत्रकात सुरुवातीलाच घालायला सांगा. एकदा पत्र्याचं अंदाजपत्रक मंजूर झालं की मग बदलायला कुणी तयार होत नाही, त्यात त्यांचाही दोष नसतो. ग्रामसभेत एक ठराव असाही करून घ्या की हॉलचं जे काही भाडं येईल ते वेगळ्या खात्यात जाईल आणि दर मेमध्ये कौलं परतणं, पन्हाळ साफ करणं, टाकी धुणं त्यातून होईल. गवंड्याचं नाव आणि तारीख लिहायला एक वही ठेवा.

सध्या पाऊस चालू आहे हे बरंच झालं. नकाशा परत पाठवायच्या आधी एखाद्या धो धो सरीत छत्री घेऊन त्या जागेवर अर्धा तास उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, झड कुठल्या कोपऱ्यातून मारते ते बघून खुंट्या ठोका. मग खुंट्यांचे फोटो आणि कंत्राटदाराचा नकाशा दोन्ही मला पाठवा, कैच्यांची मापं काढून देतो.